समाधीजवळचे झाड

साताऱ्याहून सांगलीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे मळे लागतात, त्यांत कुठे विहिरीच्या कडेला, कुठे वस्तीच्या मागे, एखादा लहानसा चौथरा दिसतो. चौथऱ्यावर तुळशीवृंदावन असते, नाहीतर घडीव दगड असतो, आणि शेजारी एखादे झाड असते. कोणाचे आहे म्हणून विचारावे, तर मळेकरी सांगतो, "आमच्या आज्याची समाधी हाय. आंबा बापानं लावलाय." चौथऱ्यावर नाव कोरलेले नसले तरी चालते, त्या आंब्याकडे बोट दाखवले की घरच्या लहान पोराला सुद्धा पणजोबा कळतो.

आज मला बोलायचे आहे ते या झाडांविषयी. समाधीजवळ, कबरीवर, किंवा रक्षा जिथे विसर्जित केली तिथे, आपण आपल्या माणसाच्या आठवणीसाठी जे झाड लावतो, ते जगावे कसे, याविषयी.

हा विषय घेण्याला कारण आहे. पूर्वी तिसऱ्या दिवशी सावडून झाले की रक्षा नदीत जायची. आता आपल्याकडच्या पुष्कळ घरांनी नवा पायंडा पाडला आहे. नदी नासू नये म्हणून रक्षा नदीत न सोडता स्वतःच्या शेतात खड्डा घेऊन त्यात ठेवायची आणि वर झाड लावायचे. साताऱ्यात काय, सांगलीत काय, अशा बातम्या वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. पायंडा चांगलाच आहे. पण बातमी येते ती झाड लावल्याची. दोन वर्षांनी त्या झाडाचे काय झाले, याची बातमी कोणी देत नाही.

झाड लावायला अर्धा तास पुरतो, जगवायला तीन वर्षे लागतात. आणि ते वाळले तर साध्या झाडाचे वाळणे असते तसे ते नसते. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही की मंडळी हात जोडून विचारू लागतात, "काय इच्छा राहिली असेल?" तशीच गत या रोपाची होते. रोप वाळले की म्हातारी आई मनाला लावून घेते, "ह्यांच्या मनात कायतरी राहिलं." कोणी म्हणतो थोरल्याच्या हातून लावायला पाहिजे होते. कोणी नव्या सुनेकडे बघतो. एका रोपापायी घरात नसते किल्मिष येते. आणि नीट चौकशी केली तर कारण निघते ते मूठभर जास्त राखेचे, नाहीतर घागरभर कमी पाण्याचे! म्हणून हे बोलणे भावनेचे असले तरी थोडे शेतकीचेही होणार आहे.

आधी एक सांगतो. मृताजवळ झाड लावणे ही काही एका जातीची किंवा एका धर्माची रीत नव्हे. जत, मिरज या भागांत लिंगायत समाजात माणसाला भूमीत ठेवतात. तिथे बेलाचे झाड असावे असे वाटते. मुसलमान बांधवांच्या कबरीवर सब्जा डोलताना आपण पाहतो. सब्जा हा तुळशीच्याच कुळातला, तिचा भाऊबंद म्हणा. पांढरा चाफा तर दर्ग्यात आहे, कबरस्तानात आहे, ख्रिस्ती दफनभूमीत आहे आणि आपल्या देवळापुढेही आहे. हा चाफा मूळचा अमेरिका खंडातला. आपला झेंडूही तिकडचाच, मेक्सिकोचा. तिथले लोक दर वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी आपल्या मृतांचा सण पाळतात, आणि त्या दिवशी कबरी झेंडूच्या फुलांनी भरून टाकतात. आपण दसऱ्याला तोरण बांधतो, ते पितरांना वाट दाखवतात. फूल एकच, आणि माया सुद्धा एकच.

पण माया असली म्हणजे देखरेख होतेच असे नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात. छत्रपती शाहू महाराज १७४९ साली गेले आणि महाराणी ताराबाई १७६१ साली. दोघांच्याही समाध्या तिथे आहेत. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची सुद्धा समाधी तिथे आहे. नदीकाठच्या अशा बांधकामांना पूर आणि गाळ यांनी हानी पोहोचते, तशी झाडांच्या मुळांनीही पोहोचते. पक्षी वड-पिंपळाची फळे खातात, बी चिऱ्यांच्या फटीत पडते, कोवळे रोप उगवते. दिसायला ते गोजिरे दिसते, म्हणून कोणी उपटत नाही. पुढे त्याचे मूळ जाड होते आणि चिरा सरकवते. तेव्हा पहिला नियम असा : वड, पिंपळ, उंबर यांना समाधीच्या बांधकामात थारा देऊ नये. बोटभर असतानाच रोप काढून दुसरीकडे मोकळ्या जागी लावावे. पुण्यही लागेल आणि चौथराही वाचेल.

याच्या उलट उदाहरण पाहायचे तर पुण्याजवळ खडकीला युद्धातल्या सैनिकांचे स्मशान आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांवर सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. १९१७ साली स्थापन झालेला एक आयोग जगभरची अशी स्मशाने सांभाळतो. या आयोगाच्या स्मशानांत प्रत्येक शिळेच्या पायाशी ठेंगणी फुलझाडे लावण्याची पद्धत आहे. शोभा तर होतेच, पण आणखी एक हेतू आहे. उघड्या मातीवर पावसाचा थेंब आपटला की चिखल उडून शिळेवर बसतो आणि नाव झाकून जाते. झाडाच्या पानांनी तो चिखल अडतो. आपल्या समाधीभोवतीही सदाफुली किंवा सब्जा लावला तर हेच काम होईल. परंतु त्या स्मशानांची खरी शिकवण फुलांची नाही. पाणी घालायला तिथे नेमलेला माळी असतो. आपल्या शेतातल्या समाधीला असा नेमलेला कोणी असतो का? या प्रश्नाकडे मी शेवटी येतो.

आता राखेची गोष्ट. पुष्कळांचा समज असा, की राख हे खत आहे, तेव्हा जितकी अधिक तितके झाड जोमाचे. राखेत पालाश असते, चुना असतो, हाडांत स्फुरद असते, हे खरे. पण राख खारी असते. चितेला लाकूड आणि शेणी मिळून जे जळण लागते, त्याची राख पाट्यांनी भरते. ती सगळी एका खड्ड्यात ओतून तिच्यात कोवळे रोप खोचले, तर त्याच्या मुळांना खाराने चटका बसतो. कृष्णाकाठची काळी जमीन मुळातच चुनखडीची, तिला आणखी खार सोसत नाही. जावळी, पाटण, महाबळेश्वर या बाजूची तांबडी जांभ्याची जमीन आंबूस असते. तिथे थोड्या राखेने उलट फायदाच होतो. म्हणून करावे असे : खड्ड्यात चार-पाच मुठी रक्षा पुष्कळ मातीत आणि कुजलेल्या शेणखतात नीट कालवावी, तीही तळाशी आणि कडेला, मुळांना लागेल अशी नव्हे. उरलेली रक्षा सगळ्या शेतात पातळ विसकटून टाकावी. ज्याने जन्मभर ते शेत कसले, त्याची रक्षा सगळ्या शेताला मिळाली, यात वाईट काय आहे? आणि राखेबरोबर युरिया घालू नये. दोन्ही एकत्र आले की युरियातले नत्र हवेत उडून जाते.

दुसरी गोष्ट झाडाच्या निवडीची. वडिलांना आंबा आवडायचा, म्हणून आंबा लावायचा, हे ठीक. पण जागा काय म्हणते, तेही ऐकावे लागते. आपल्या या दोन जिल्ह्यांचा मुलूख फार चमत्कारिक आहे. महाबळेश्वरी पाऊस झोडपत असतो, आणि तिथून पूर्वेला माण, आटपाडी, जत इकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. पश्चिमेच्या डोंगरी भागात जांभूळ, फणस, आंबा सुखाने येतात. माणदेशात आणि जतेकडे कडुनिंब, चिंच, बोर, आपटा ही काटक मंडळी बरी. नदीकाठच्या मळीच्या रानात पुराचा विचार केला पाहिजे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांचे पूर सांगलीकरांच्या लक्षात आहेत. अशा रानात पाणी दिवसच्या दिवस उभे राहते. तिथे करंज, अर्जुन, जांभूळ, वाळुंज तग धरतात. कडुनिंब मात्र मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. पाणी फार झाल्याने जी जमीन फुटली, खारवट झाली, तिथे आंब्याचा हट्ट धरू नये; करंज, बाभूळ लावावी. मग वडिलांच्या आवडीचा आंबा? तो घरापाशी चांगल्या जमिनीत लावा. आठवणीला दोन जागा असायला हरकत नसते.

झाड चौथऱ्यापासून दहा-पंधरा फूट तरी लांब असावे, आणि बांधापासूनही. बांधावरचे झाड मोठे झाले की त्याची सावली शेजाऱ्याच्या पिकावर पडते, आणि मग आजोबांची आठवण तलाठ्याच्या कचेरीपर्यंत जाते.

आता लावण्याची वेळ. माणूस काही मृगाची वाट पाहून जात नाही. चैत्र-वैशाखात कोणी गेले आणि तिसऱ्या दिवशी त्या उन्हात रोप लावले, तर ते जगणे कठीण. अशा वेळी विधी त्या दिवशी करावा, रक्षा मातीत मिसळून खड्डा भरून ठेवावा, जागेवर एक दगड ठेवावा आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर झाड लावावे. यात काही उणे येत नाही. उलट खड्ड्यातली माती तोवर बसते आणि राखेचा खार थोडाफार धुऊन जातो. खड्डा दोन-तीन फूट लांब, तितकाच रुंद, तितकाच खोल असावा. रोपाची प्लॅस्टिकची पिशवी काढूनच लावावे. हे सांगायला नको असे वाटते, पण गर्दीत, रडारडीत, पिशवीसकट पुरलेली रोपे पुष्कळ असतात! रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच खोल ठेवावे आणि काठीला सैल बांधावे.

पुढे पाणी. पहिले तीन उन्हाळे हीच खरी परीक्षा. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा घागरभर घालावे. पाणी खोल गेले की मूळही खोल जाते. जिथे पाण्याची ओढ आहे तिथे जुनी युक्ती करावी. कच्च्या मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घालावी आणि मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. वर झाकण ठेवावे. पाणी झिरपत राहते आणि तीन-चार दिवस पुरते. बुंध्याभोवती उसाचे पाचट अंथरावे; मात्र खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी लागते. शेळ्यांसाठी काट्याचे कुंपण घालावे. शेळीला समाधी कळत नाही.

उसाच्या मुलखात आणखी दोन वैरी आहेत. एक आग. पाचट पेटवताना समाधीजवळचे झाड होरपळले, असे फार होते. पाचट पेटवूच नये हे उत्तम. पण शेजारी पेटवणार असेल तर झाडाभोवती पाच-सहा फूट रान स्वच्छ नांगरून ठेवावे. दुसरा वैरी टू-फोर-डी. हे तणनाशक उसाला बाधत नाही, पण वाऱ्याने उडून रुंद पानांच्या झाडांवर पडले की त्यांची पाने आकसतात, शेंडे वेडेवाकडे होतात. तासगावचे द्राक्षबागाईतदार हे चांगले ओळखतात. समाधीवरची तुळस एकाएकी वाकडी झाली, तर देवऋषाकडे जाण्याआधी शेजारच्या उसात काय फवारले ते विचारावे.

श्रोतेहो, आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. काही झाडे केवळ आठवणीची नसतात, ती स्वतःच आठवण असतात. आईच्या हातचा मोगरा, आजीने माहेराहून आणलेली तुळस, आजोबांच्या बागेतला एकच एक आंबा. अशी झाडे समाधीजवळ नेताना मूळ झाड उपटून नेऊ नये. जुने झाड जागा बदलताना मरते, आणि मग दोन्हीकडून हात रिकामे. त्याचे पिल्लू करावे आणि ते न्यावे.

मोगऱ्याची लांब फांदी पावसाळ्यात वाकवून, थोडी सालटी काढून मातीत दाबावी. दीड-दोन महिन्यांत मुळे फुटतात, मग ती आईच्या झाडापासून तोडावी. चाफ्याची हात-दीडहात फांदी पाने झडलेली असताना कापावी, चीक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी आणि मग लावावी. पाणी बेताने, नाहीतर कुजते. आंब्याचे मात्र कोय पेरून तोच आंबा मिळेल याची खात्री नसते. त्याच्या डोळकाडीचे कोय-कलम बांधून घ्यावे. आणि कलम लावले की जोडाच्या खालून येणारे फुटवे काढत जावे. ते राहिले तर खालचे रायवळ वर चढते, कलम मरते, आणि घरची मंडळी म्हणतात, आजोबांचा आंबा आंबट झाला!

तुळशीचे आयुष्य तर दोन-चार वर्षांचेच. मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्या तर थोडे वाढते, इतकेच. ती वाळली म्हणून रडू नये. तिच्या मंजिऱ्या आधी जपून ठेवाव्यात आणि त्याच वृंदावनात पुन्हा पेराव्यात. आपल्या अंगणातली तुळस म्हणजे खरे पाहता तुळशींची एक वंशावळ असते. आजीने लावलेली तुळस आज नसते, पण तिची पणती आहे, आणि आपण तिलाच आजीची तुळस म्हणतो. मला वाटते, आठवणीच्या सर्व झाडांना हाच न्याय लावावा. ज्या दिवशी समाधीजवळ झाड लावाल, त्या दिवशी त्याचे जोडीचे दुसरे रोप घरी कुंडीत किंवा परसात लावून ठेवा. एक गेले तर दुसरे आहे. आणि दोन्ही गेली तर पुढच्या मृगाला तिसरे लावा. रोप मेले म्हणून माणूस दुसऱ्यांदा मरत नाही.

आता मघाचा प्रश्न : पाणी घालायला नेमलेला कोण? आपल्याकडची तरुण मंडळी मुंबईला, पुण्याला. सावडायच्या दिवशी चाळीस माणसे रोपाला तांब्या-तांब्या पाणी घालतात, आणि पंधरवड्याने घालायला एकही नसतो. म्हणून बारावा-तेरावा आटोपून मंडळी पांगण्यापूर्वी, भावांनी आणि बहिणींनी सुद्धा बसून ठरवावे : पाणी कोण घालणार, कुंपण कोण घालणार, गड्याला पैसे द्यायचे तर कोण देणार. बहिणींना मुद्दाम म्हणतो. सातबाऱ्यावरच्या नावांवरून भाऊ-बहीण कितीही भांडोत, बापाच्या झाडाला पाणी घालायचा हक्क दोघांचा सारखा. शेताच्या वाटण्या होताना समाधीची आणि झाडाची जागा, तिथे जायची वाट, हे वाटणीपत्रात लिहून घ्यावे. पुढे रान विकले गेले तर निदान वाट तरी राहते.

शिक्षकांनाही एक विनंती. हल्ली लोक आठवणीचे झाड शाळेच्या आवारात लावायला आणून देतात. आनंदाने घ्यावे, पण मे महिन्याच्या सुटीत पाणी घालता येईल इतकीच घ्यावीत. एक वही करावी : झाड कोणते, कोणाच्या आठवणीचे, कधी लावले, दर जूनला जिवंत आहे की नाही. मुलांनी दर वर्षी बुंध्याचा घेर सुतळीने मोजून लिहावा. गणितही होईल आणि गावाचा इतिहासही. आपल्याकडची रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळ काले येथे निघाली. तिचे बोधचिन्ह वडाचे झाड आहे. कर्मवीर अण्णांनी मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर कुदळही दिली. त्या परंपरेतल्या शिक्षकाला झाडाची वही ठेवणे जड जाऊ नये.

आणि ज्यांच्या घरी समाधी नाही त्यांचे काय? सातारा हा सैनिकांचा जिल्हा. आपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले असे सांगतात. परमुलखात पडलेल्या किती जणांची मूठभर रक्षाही घरी आली नसेल. अशा माणसाच्या नावाने दारात लावलेले झाड हीच त्याची समाधी. तिथे रक्षा नसली तरी सावली पडतेच.

पितृपंधरवड्यात आपण पितरांना पाणी देतो. तो पंधरवडा वर्षातून एकदा येतो. समाधीजवळच्या झाडाला मात्र उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी लागते. पहिली तीन वर्षे ते घाला. पुढे झाडाची मुळे खोल जातात, ते आपले पाणी आपण शोधते. मग उन्हातून आलेला वाटसरू त्याच्याखाली बसेल, आणि बसल्या बसल्या विचारेल, "हे झाड कोणी लावलं?" तेव्हा नाव सांगायला घरातले एखादे पोर तिथे असले, की आपण केले त्याचे चीज झाले.